उतरवून घेणारा

परवाच्या रविवारी देवळ्याला घरी गेलो होतो. दुपारची जेवणं झाली, ओसरीत आडवा झालो आणि लॅपटॉपवर एक गाणं लावलं. गाणं म्हणजे नुसतं वादन, शब्द नाहीत. पहिला सूर वाजला मात्र, अंगणात खेळणारा भाचा धावत आत आला. "मामा, भुताचा पिक्चर लावला का?"

त्याची काही चूक नाही. हे सूर तुम्हीही ऐकले आहेत, नाव माहीत नसलं तरी. पडका वाडा, वादळी रात्र, वीज चमकते आणि एकदम धडकी भरवणारा एक सूर. क्षणभर शांतता. मग जिन्यावरून घरंगळत यावी तशी सुरांची रांग. पेटी वाजवणाऱ्यांसाठी सांगतो. पांढरी दोनला सा धरा. प म प असा झटका देऊन पंचमावर थांबा. मग म ग रे सा नी असे घाईघाईने उतरा आणि सा वर या. गंधार कोमल, निषाद शुद्ध. झालं! ऑर्गनसाठी लिहिलेल्या जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध रचनेची सुरुवात तुम्ही वाजवलीत.

रचनेचं नाव 'टोकाटा अँड फ्यूग इन डी मायनर'. रचनाकार जर्मनीचा योहान सेबास्टियन बाख (1685-1750). निदान सगळीकडे तसं छापलेलं असतं. 'निदान' का म्हणतोय ते पुढे येईलच, कारण आजचं लिखाण त्या एका शब्दाबद्दलच आहे. आणि आमच्या घरातल्या एका लाल चोपडीबद्दल. मी देवळ्याला गेलो होतो तो त्या चोपडीसाठीच. तेव्हा नातेवाईक मंडळींनी कृपया शेवटपर्यंत वाचावं. :)

आधी भाच्याचं भूत. 1931 साली आलेल्या 'डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड' या सिनेमाच्या सुरुवातीच्या नामावलीवर हे संगीत वाजलं आणि मग भीतीच्या सिनेमांना त्याची चटकच लागली. 1940 मध्ये डिस्नेच्या 'फँटेशिया'त लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांनी तेच सबंध वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं. तिथे पडद्यावर भूत नव्हतं, नुसते रंग आणि आकार होते. पण भुताने एकदा झाड धरलं की ते सहजी सोडत नाही.

माझी स्वतःची ओळख मात्र भुतामुळे झाली नाही, ती झाली कॅप्टन निमोमुळे. शाळेत असताना भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न आम्ही अधाशासारखा वाचायचो. समुद्राच्या तळाशी हिंडणारी ती पाणबुडी, जगावर रुसलेला तो कप्तान, आणि त्याच्या दिवाणखान्यातला ऑर्गन! पुढच्या एका कादंबरीत कळतं की निमो आपलाच, बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, 1857 च्या उठावात लढलेला. पुढे बऱ्याच वर्षांनी 1954 चा डिस्नेचा सिनेमा पाहिला. त्यात जेम्स मेसन हा नट निमो झालाय आणि पाण्याखाली एकटा बसून हेच बाखचं संगीत वाजवतोय. माझ्या डोक्यात ते चित्र इतकं पक्कं बसलं की ते पुस्तकातलंच आहे असं मी कित्येक वर्षं समजत होतो.

मग एकदा व्हर्नची मूळ कादंबरी (1870) इंग्रजीतून काढून बघितली. निमोच्या ऑर्गनवर पसरलेल्या स्वरलिपींची नावं व्हर्नने एकामागून एक दिली आहेत. मोझार्ट आहे, बीथोव्हन आहे, हायडन आहे, वाग्नर आहे. बाख नाही! निमोच्या हाती बाख दिला तो सिनेमावाल्यांनी. एखादी गोष्ट कुणाच्या तरी नावावर कशी अलगद चढून बसते, याचा हा मला मिळालेला पहिला धडा.

आता ऑर्गनबद्दल थोडं. आपल्याकडे ऑर्गन म्हटलं की जुन्या माणसांना बालगंधर्वांची नाटकं आठवतात. नाट्यसंगीताच्या साथीला वाजायचा तो ऑर्गन म्हणजे पायाने भाता हलवायचा आणि आत धातूच्या पट्ट्या थरथरून सूर निघायचे. आपल्या पेटीचा मोठा भाऊ म्हणा. बाखचा ऑर्गन ही वेगळीच चीज आहे. त्यात पट्ट्यांऐवजी नळ्या असतात, काही लाकडाच्या, काही कथील आणि शिशाच्या मिश्रणाच्या. मोठ्या चर्चमध्ये त्यांची संख्या हजारांत जाते. सगळ्यात छोटी नळी बोटाएवढी, तर मोठ्यातली मोठी दोन-तीन मजले उंच. हातांसाठी एकावर एक दोन-तीन पट्ट्या आणि पायांसाठी खाली आणखी एक. वाजवणारा दोन्ही हात आणि दोन्ही पाय घेऊन वाजवत असतो. बाजूच्या खुंट्या ओढल्या की नळ्यांचा एकेक संच उघडतो आणि आवाजाचा रंग बदलतो.

वाद्य खऱ्या अर्थाने कळायला ते खोलीत बसून ऐकून चालत नाही, पायाखालची फरशी थरथरावी लागते म्हणतात. मुंबईत फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये पाइप ऑर्गन आहे. हे चर्च 1718 च्या नाताळात सुरू झालं, म्हणजे बाख तेव्हा जेमतेम तेहतीस वर्षांचा होता. योगायोग असा की बाखने आयुष्यातली शेवटची सत्तावीस वर्षं ज्या चर्चमध्ये संगीत सांभाळलं, ते लाइपझिगचं चर्चही संत थॉमसचंच.

पण मला सगळ्यात भावतो तो एक साधा तपशील. तेव्हा वीज नव्हती. एवढ्या नळ्यांना वारा पुरवायचा तर मागे कुणीतरी भाते दाबत राहायला हवं. ऑर्गनवर बाख असो की आणखी कुणी, भाता दाबणारा माणूस आला नाही तर त्या अवाढव्य वाद्यातून एक सूरसुद्धा निघत नसे. म्हणजे ज्याला आपण 'एकट्याची कला' म्हणतो, तिच्यामागेही कुणीतरी घामाघूम होत होतंच.

रचनेचे दोन भाग. 'टोकाटा' हा शब्द स्पर्श करणे या अर्थाच्या इटालियन क्रियापदावरून आला. भजनाआधी पेटीवाला जसा बोटं मोकळी करतो, इकडून तिकडे एक फेरी मारून पेटीचा दम बघतो, त्यातून वाढत गेलेला हा प्रकार. 'फ्यूग' म्हणजे पळणं. एक आवाज एक ओळ घेऊन निघतो. थोड्या वेळाने दुसरा आवाज तीच ओळ वेगळ्या पट्टीत उचलतो. मग तिसरा. आमच्या भजनात बुवांनी म्हटलेला चरण टाळकरी उचलतात तसंच की, असं तुम्ही म्हणाल. थोडं तसंच. फरक एवढाच की टाळकरी म्हणतात तेव्हा बुवा दम घेतात. फ्यूगमध्ये बुवा दम घेत नाहीत! मागचे त्यांची ओळ म्हणत असताना ते पुढचं काहीतरी वेगळंच म्हणत राहतात, आणि तरीही सगळे एकमेकांना धरून असतात. आठ-नऊ मिनिटांत हा सगळा खेळ संपतो.

आता त्या 'निदान'कडे येतो.

बाखच्या हातची या रचनेची एकही प्रत नाही. त्याच्या हयातीत ती छापलीही गेली नव्हती. जी सगळ्यात जुनी प्रत आज बर्लिनच्या सरकारी ग्रंथालयात आहे, ती योहानेस रिंक नावाच्या मुलाने उतरवलेली आहे. हा रिंक 1717 चा. प्रत 1730 च्या दशकाच्या पूर्वार्धातली धरतात, म्हणजे पोरगं तेव्हा पंधरा-सोळाच्या आसपासचं. त्याचा गुरू योहान पेटर केल्नर, हा थुरिंगियातल्या एका गावचा ऑर्गनवादक आणि बाखच्या रचना जमवण्याचा मोठा नाद असलेला माणूस. रिंकने पानाच्या डोक्यावर रचनेचं नाव लिहिलं, खाली बाखचं नाव घातलं, आणि सूर उतरवून घेतले.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं सगळं शांत. 1833 साली लाइपझिगच्या ब्राइटकोप्फ अँड हेर्टेलने रचना पहिल्यांदा छापली. 6 ऑगस्ट 1840 ला फेलिक्स मेंडेल्सनने बाखच्याच थॉमस चर्चमध्ये एक जलसा केला, बाखचं स्मारक उभारायला पैसे जमवण्यासाठी, आणि त्यात ही रचना वाजवली. तिथून पुढचा प्रवास तुम्हाला माहीत आहे : छापील प्रती, पियानोवरची रूपं, तबकड्या, सिनेमे, मोबाइलच्या रिंगटोन आणि शेवटी देवळ्यातला माझा भाचा. हा सगळा डोलारा एका शाळकरी पोराने उतरवलेल्या काही पानांवर उभा आहे. ती पानं उंदरांनी खाल्ली असती तर संपलं होतं.

आणि इथेच गोम आहे. 1981 साली पीटर विल्यम्स या अभ्यासकाने सरळ प्रश्न विचारला की हे खरंच बाखचं आहे का? त्याची कारणं ऐकण्यासारखी आहेत. सुरुवातीला दोन्ही हात तीच ओळ एका सप्तकाच्या अंतराने वाजवतात. बाखच्या ऑर्गनच्या रचनांत असं सहसा सापडत नाही. फ्यूगमध्ये एका ठिकाणी पाय एकटेच मुख्य ओळ वाजवतात, वर काहीच साथ नाही. शेवटचा समारोपही बाखच्या सवयीचा नाही. पुष्कळ जागा तर व्हायोलिनच्या तारांवरून गज फिरवावा अशा आहेत. मूळ रचना व्हायोलिनची असेल, आणि ती बाखची नसेलही, असं विल्यम्सने सुचवलं. 1995 मध्ये रोल्फ-डीट्रिश क्लाउस याने तर या एका प्रश्नावर अख्खं पुस्तक लिहिलं. कुणी म्हणालं, रिंकचा गुरू केल्नर यानेच केलेली असेल.

उलट बाजूला क्रिस्टोफ वोल्फ यांच्यासारखे बाखचे मोठे चरित्रकार आहेत. त्यांचं म्हणणं, हा विशीतल्या बाखचा हात आहे, वेडंवाकडं काहीतरी करून बघणाऱ्या पोराचा. 1703 पासून तो आर्नश्टाट गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत होता. तिथल्या ऑर्गनला हातांच्या पट्टीवर खर्जातला एक मोठा संच नव्हता. ती उणीव भरून काढायला त्याने तीच ओळ दोन सप्तकांत वाजवली असेल. ज्याला विल्यम्स दोष समजतात तीच वोल्फना अडचणीवर काढलेली युक्ती वाटते. निकाल लागलेला नाही. 1950 साली बाखच्या रचनांची जी यादी झाली त्यात हिचा क्रमांक 565, आणि तिथे ती अजून बाखच्याच नावाने आहे.

हे वाचताना मला आधी रिंकचा राग आला. बाबा रे, कुणाकडून उतरवलंस, कधी, एवढं लिहायला काय झालं होतं? पण जसजसं वाचत गेलो तसतसा राग निवळला. त्या काळात संगीत छापणं महाग पडे. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायचं. बाखच्या ढीगभर रचनांतल्या अगदी थोड्या त्याच्या हयातीत छापल्या गेल्या. बाकीच्या कागदावर, मुलांच्या आणि शिष्यांच्या हातांत. तो गेल्यावर कागदांच्या वाटण्या झाल्या आणि थोरल्या मुलाच्या वाट्याचं बरंचसं विकलं गेलं, हरवलं. चर्चच्या वर्षभराच्या गाण्यांचे पाच संच त्याने केले होते असं त्याच्या मृत्युलेखात आहे. आज त्या प्रकारची सुमारे दोनशेच उरली आहेत. जे वाचलं त्यातलं पुष्कळ शिष्यांच्या वह्यांमुळे वाचलं. एक लग्नाचं गाणं तर केवळ याच रिंकच्या 1730 च्या प्रतीमुळे आज आपल्याला माहीत आहे. तेव्हा तो जेमतेम तेरा वर्षांचा होता!

आणि खुद्द बाख? तोही उतरवून घेणाराच. दहा वर्षांचा व्हायच्या आत आई-बाप गेले. थोरल्या भावाने सांभाळलं. भावाकडे मोठमोठ्या वादकांच्या रचनांची एक वही होती, ती हा मागायचा आणि भाऊ देत नसे. वही जाळीच्या दाराच्या कपाटात. पोराने काय करावं? जाळीतून लहानसा हात घालून, वहीची गुंडाळी करून ती बाहेर काढायची आणि रात्री चंद्राच्या उजेडात उतरवायची. दिवा नाही. सहा महिने लागले. उतरवून झाली आणि भावाला कळलं. त्याने नक्कल काढून घेतली. ही गोष्ट बाखच्या मृत्युलेखात आहे, म्हणजे बहुधा तो स्वतःच मुलांना सांगत असणार. पुढे विशीत तो आर्नश्टाटहून ल्यूबेकला बुक्सटेहुडे या म्हाताऱ्या ऑर्गनवादकाला ऐकायला गेला, चारशेच्या आसपास किलोमीटर, पायी. आळंदी ते पंढरपूर अडीचशे धरा! रजा चार आठवड्यांची घेतली आणि राहिला चार महिने. आल्यावर चर्चच्या मंडळींनी जाब विचारला तो वेगळाच.

2006 मध्ये वायमारच्या एका ग्रंथालयात पोरसवदा बाखने उतरवलेल्या प्रती सापडल्या. त्यातली एक 1700 सालची, म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातची. रिंक करत होता तेच.

हे सगळं वाचताना मी सारखा देहूला जात होतो. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडाली आणि तरली, ही श्रद्धेची गोष्ट आपण सगळे जाणतो. पण ती आपल्या हाती आली ती संताजी जगनाड्यांसारख्यांच्या वह्यांमुळे. संताजी चाकणचे, तेलघाणा चालवणारे. त्यांच्या नावाने राखलेल्या वह्यांच्या आधारे पुढे वि. ल. भाव्यांनी गाथा छापली. तरीही अमुक अभंग तुकोबांचा की मागाहून कुणी 'तुका' घालून ढकललेला, हे वाद चालूच आहेत. ज्ञानेश्वरीचं तर त्याआधीच झालं होतं. नकला होता होता इतके पाठ शिरले की शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांना बसून ती शुद्ध करावी लागली. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लिहिणारे एक संस्कृत श्लोक घालायचे. अर्थ असा की जसं समोर पाहिलं तसं मी लिहिलं, शुद्ध असो की अशुद्ध, दोष मला देऊ नका. रिंकने तो श्लोक घातला नाही एवढंच.

आता लाल चोपडी.

आमचे आजोबा चौथी शिकलेले. बाजरी आणि कांदा करायचे आणि उरलेल्या वेळात भजन. दुकानात जमाखर्चाला असते तशी लाल कापडी बांधणीची एक चोपडी त्यांनी भजनांनी भरून काढली आहे. मी मोजली, एकशे बासष्ट अभंग आणि पदं. आसपासच्या गावांत भजनाला गेले की नवं काही कानावर पडायचं आणि रात्री परत आल्यावर ते चोपडीत जायचं. समासात बारीक अक्षरात गाव आणि तिथी. लोहोणेर, कार्तिक वद्य अमुक. गडावर, चैत्र पौर्णिमा. म्हणजे आमच्या आजोबांना रिंकपेक्षा जास्त शिस्त होती. :)

त्यातलं एक पद आमच्या घरात 'बाबांचं पद' म्हणून प्रसिद्ध आहे. विठ्ठलाला सांगितलंय की पेरणी तोंडावर आली, कांद्याचं रोप टाकायचंय, मला यंदा वारी जमत नाही, तूच इकडे ये आणि घटकाभर औत धर. शेवटच्या चरणात कुणाचं नाव नाही. दर पुण्यतिथीला ते म्हटलं जातं. काका चाल उचलतात आणि तिसऱ्या चरणाला आत्याचे डोळे भरून येतात. दर वर्षी, न चुकता.

पुढच्या वर्षी आजोबांना जाऊन पंचवीस वर्षं होतील. काकांनी ठरवलंय की चोपडीतली निवडक भजनं छापायची आणि पहिल्या पानावर हे पद, खाली आजोबांचं नाव, 'रचित' असं. प्रस्तावना मी लिहायची. म्हणून परवा चोपडी घेऊन बसलो होतो. त्या पानाचा समासाचा कोपरा कसरीने खाल्लाय. तिथे गाव होतं की कोरं होतं, कळायला मार्ग नाही.

एवढंच असतं तर मी गप्प बसलो असतो. पण गेल्या दिवाळीत आत्याच्या सासरी, सटाण्याजवळच्या गावी, एक जुनी वही पाहिली होती. वेगळं अक्षर. त्यात हेच पद. फक्त तिसऱ्या चरणात आमच्या चोपडीत जिथे एक अहिराणी शब्द आहे, तिथे त्या वहीत साधा मराठी शब्द. तारीख दोन्हीकडे नाही. त्यांनी आमच्याकडून उतरवलं की आजोबांनी त्यांच्याकडून? अहिराणी शब्द आधीचा आणि कुणीतरी तो 'सुधारला', की मराठी आधीचा आणि आजोबांच्या तोंडी तो आपोआप आपला झाला? दोन्ही शक्य आहे. अगदी विल्यम्स आणि वोल्फ!

काकांना हे सांगितलं. ते चिडले नाहीत. गप्प झाले, ते जास्त लागलं. मग म्हणाले, "मी लहान होतो. रात्री कंदिलाशी बसून बाबा ते पद लिहीत होते. मी डोळ्यांनी बघितलंय." मला त्यांच्या डोळ्यांबद्दल शंका नाही. पण काका, रचणारा आणि उतरवणारा, दोघंही कंदिलाशी सारखेच बसलेले दिसतात. लांबून तर अजिबात फरक कळत नाही.

"पदात कांदा आहे, म्हणजे बाबांचंच," असं आत्याचं म्हणणं. आत्या, तुझं मन मोडत नाही, पण कांद्या-मुळ्यात विठ्ठल बघणारे सावतोबा सातशे वर्षांपूर्वीच होऊन गेले. कांदा फक्त देवळ्यालाच पिकतो असं थोडंच आहे?

आता मला काय वाटतं ते लिहितो. समोरासमोर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून इथे.

'रचित' असं छापलं आणि ते आजोबांचं नसलं, तर कुठल्या तरी गावचा एक शेतकरी दुसऱ्यांदा मरेल. नाव त्याचं आधीच गेलंय, आता पदही जाईल. आणि ते आजोबांचं असलं आणि आपण नाव गाळलं, तर आयुष्यात केलेली त्यांची एकुलती एक रचना आपणच त्यांच्याकडून काढून घेतली असं होईल. बाखच्या भावाने वही काढून घेतली तशी. दोन्ही नको वाटतं. पण मला खरी भीती तिसऱ्याच गोष्टीची आहे. एका पदाखाली नाव घालण्याच्या नादात आपण बाकीच्या एकशे एकसष्ट पदांचं काम विसरून जाऊ. ते काम नक्की आजोबांचं आहे, त्यात कसलाही वाद नाही. दिवसभर शेतात राबून, रात्री दुसऱ्या गावाहून चालत येऊन, झोपेआधी शब्द निसटायच्या आत लिहून काढणं. गाव, तिथी घालणं. त्यातली काही भजनं आज त्या गावांतही कुणाला येत नसतील.

गेल्या वर्षीची एक बातमी सांगून थांबतो. 17 नोव्हेंबर 2025 ला लाइपझिगच्या त्याच थॉमस चर्चमध्ये टॉन कोपमन या वादकाने ऑर्गनवर दोन रचना वाजवल्या. तीनशे वीस वर्षांत त्या कुणी ऐकल्या नव्हत्या. पेटर वोल्नी या संशोधकाला त्या 1992 मध्येच ब्रुसेल्सच्या राजग्रंथालयात दिसल्या होत्या. पण वर रचनाकाराचं नाव नाही, तारीख नाही. अक्षर कुणाचं तेही कळेना. तीसेक वर्षांनी अक्षर जुळलं. ते निघालं सालोमोन ग्युंटर योन नावाच्या एका विद्यार्थ्याचं, आर्नश्टाटला बाखकडे शिकलेल्या. प्रत 1705 च्या सुमाराची. त्या आधाराने रचना बाखच्या ठरल्या आणि यादीत त्यांना 1178 आणि 1179 हे क्रमांक मिळाले. रचनाकाराचा माग लागला तो उतरवणाऱ्याच्या अक्षरावरून! योनने घाईघाईत स्वतःच्या मनाने कुणाचं तरी नाव ठोकून दिलं असतं, तर कदाचित कुणी परत शोधायलाच गेलं नसतं. कोरी जागा कोरी राहिली म्हणून ती पुढे भरता आली.

तर काका, माझी विनंती एवढीच. पद पहिल्या पानावरच छापू. खाली 'रचित'ऐवजी 'आजोबांच्या चोपडीतून' असं त्यांच्या पूर्ण नावानिशी घालू. बाजूला त्या पानाचा फोटो, कसरीने खाल्लेल्या कोपऱ्यासकट. तळाशी सटाण्याकडच्या वहीतला तो वेगळा शब्द देऊ. आणि म्हणताना, दर वर्षीसारखा, आपलाच अहिराणी शब्द म्हणू. कारण बाकीचं पद कुणाचंही असो, तो शब्द आजोबांच्याच तोंडून आला असावा असं माझं मन म्हणतं. पुरावा नाही. पण पुस्तिकेत न छापता मनात ठेवायला हरकत नसावी.

ज्यांच्या घरी अशा वह्या, चोपड्या असतील त्यांनी त्या माळ्यावरून खाली काढाव्यात. समासासकट फोटो काढावेत. आणि हे पद तिथे दिसलं, तर मला जरूर कळवा. काकांना न दुखावता मीच त्यांना सांगेन.

असो. निघताना भाच्याला पेटीवर प म प शिकवून आलो. आता तो ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला वाजवून दाखवतोय म्हणे. काल आत्याने विचारलं, "हे काय रे भुताचं वाजवतोस?" तर म्हणाला, "भुताचं नाही, मामाचं आहे."

बघा. चढलं की नाही माझ्या नावावर!